तिकिटांचा मोसम, मुक्काम घोडबंदर

घोडबंदर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? ट्रॅफिक. बरोब्बर! ठाण्याकडून आलात तर गायमुखच्या घाटात, दहिसरकडून आलात तर फाउंटनच्या नाक्यावर, आणि वसईकडून आलात तर वरसावे पुलाच्या तोंडावर... कुठेतरी तुम्ही अडकणारच. २०२३ मध्ये खाडीवर नवा पूल खुला झाला, तरी अडकायची सवय काही सुटलेली नाही. पण ज्या नावाने हा अख्खा रस्ता ओळखला जातो ते घोडबंदर गाव कुठे आहे, असं विचारा. निम्मे लोक हिरानंदानीकडे बोट दाखवतील.

गाव आहे खाडीच्या काठाला, मीरा-भाईंदरच्या हद्दीत. माझा मामा तिथे २०१० पासून राहतो. मूळचा डोंबिवलीचा. रिटायर झाल्यावर हिरवळ हवी, खाडी हवी आणि ईएमआय नको, एवढ्या तीन अटींवर त्याने फ्लॅट घेतला. हिरवळ मिळाली, कारण मागेच नॅशनल पार्कचे डोंगर. खाडीही मिळाली. पाण्याच्या टँकरचा हिशेब मात्र त्याने धरला नव्हता, तो मामी ठेवते.

या गावाची एक गंमत सांगते. महापालिका मीरा-भाईंदर, आमदार ओवळा-माजिवड्याचा, खासदार ठाण्याचा. म्हणजे नळाला पाणी आलं नाही तर एका गावाला जायचं आणि विधानसभेत प्रश्न मांडायचा तर दुसऱ्या. मामा म्हणतो, "आमचं राजकारण म्हणजे जॉइंट फॅमिली. जेवण एकीकडे, झोपणं दुसरीकडे."

मामाची ओळख करून द्यायची तर तो पक्का उजवा. सकाळची शाखा, शिस्त, काटकसर, आणि 'सरकारने कमीत कमी लुडबूड करावी' असं म्हणतानाच 'सरकारने हा रस्ता का नाही केला' असं विचारायची ताकद. मी तशी नाही. आमचं एकाही मुद्द्यावर पटत नाही, आणि तरी दर महिन्याच्या एका रविवारी मी पहाटे बोरिवलीहून निघते आणि आम्ही दोघं किल्ल्यावर जाऊन बसतो. भांडायला तिथे जागा प्रशस्त आहे.

किल्ला छोटासाच. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला तो सोळाव्या शतकात. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, आणि १८१८ नंतर इंग्रज कलेक्टरने इथेच मुक्काम ठोकला. अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. बुरुजावरून वसईची खाडी, पूल, पलीकडच्या टेकड्या... सकाळी सातपर्यंत एकदम झकास. आठला हायवेचा आवाज वर यायला लागतो.

एप्रिल २०२४ मधल्या अशाच एका रविवारी मामा बुरुजावर बसला आणि म्हणाला, "या वेळी मी मत देणार नाही."

मी ताडगोळा सोलता सोलता थांबलेच. १९८० पासून अकरा लोकसभा, मामाने एक चुकवली नव्हती. त्याचं पहिलंवहिलं मत रामभाऊ म्हाळगींना. जानेवारी १९८०, तेव्हा भाजपचा जन्मही व्हायचा होता. म्हाळगी दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल मतदारांपुढे ठेवायचे, हे मामा मला माझ्या लहानपणापासून ऐकवत आलाय. उत्तनला केशवसृष्टीत त्यांच्या नावाची प्रबोधिनी आहे, तिथल्या शिबिरांना मामा नेमाने जायचा. आजही कुठल्याही उमेदवाराला मोजायची त्याची पट्टी एकच. वर्षाचा अहवाल देईल का हा?

तर झालं होतं असं. ठाण्याच्या जागेवर महायुतीचा उमेदवारच ठरत नव्हता. ठाकरेंच्या शिवसेनेने राजन विचारेंचं नाव मार्चमध्येच जाहीर केलं होतं. इकडे भाजप म्हणत होता जागा आमची, शिंदेंची शिवसेना म्हणत होती ठाणं आमचं. रोज पेपरात नवं नाव. आणि मामा पोह्यांच्या बशीवरून रोज त्या नावाचा निकाल लावत होता.

"संजीव नाईक?" मी विचारलं.

"२०१४ ला मी उन्हात उभा राहून त्यांच्या विरोधात मत दिलं. तेव्हा ते राष्ट्रवादीत होते. आता आमच्यात आले. येऊ देत. पण मी शिळ्या भाताला फोडणी दिली तर तो पुलाव होतो का?"

"विनय सहस्रबुद्धे?"

मामाचा चेहरा खुलला. "अभ्यासू माणूस. त्यांना दिलं तर मी प्रचाराला जाईन." मग स्वतःच मान हलवली. "नाही देणार. अभ्यास जिंकायच्या निकषात येत नाही."

"सरनाईक? म्हस्के?"

"सरनाईक कामाचे. पण ते आमदारच बरे. म्हस्के ठाण्याचे महापौर होते, शिंदेंचा विश्वासू माणूस. घोडबंदर गावाला ते ओळखतात का, हे मला त्यांना विचारायचंय. पण मला विचारायला संधी कोण देणार?"

आणि विचारे? इथे मामा जरा गप्प झाला. विचारेंना त्याने दोनदा मत दिलं होतं, २०१४ आणि २०१९. तेव्हा ते युतीचे, चिन्ह धनुष्यबाण. आता माणूस तोच, पण हातात मशाल. आणि धनुष्यबाण फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने शिंदेंकडे दिलेला. "मी मत माणसाला दिलं होतं की बाणाला?" असं तो मला विचारत होता. मला काय उत्तर देता येणार होतं?

पण खरं दुखणं वेगळं होतं. ठाण्यात कमळाचं बटण मामाने शेवटचं १९९१ मध्ये पाहिलं, म्हणजे बटण नव्हे, शिक्का. तेव्हा राम कापसे निवडून आले होते. १९९६ ला आनंद दिघेंच्या आग्रहाने जागा शिवसेनेकडे गेली, प्रकाश परांजपे उभे राहिले आणि तेव्हापासून ठाण्यातला भाजपवाला लोकसभेला बाणावर मत देत आलाय. २०२४ ला युतीचंच घर फुटलेलं, म्हणून मामाला वाटत होतं की आता तरी. तेहतीस वर्षं थांबलेला माणूस. मला त्याच्या पक्षाबद्दल फार काही वाटत नाही, पण त्या थांबण्याबद्दल वाटलं.

मामाची मुलगी न्यू जर्सीत असते, नागरिकत्व मिळून बरीच वर्षं झाली. तिकडे पक्षाचा उमेदवार मतदार ठरवतात, प्रायमरीत. नोंदणी करायची, जायचं, आपल्याच पक्षातल्या चारपैकी एकाला मत द्यायचं. मामाला याचा भयंकर हेवा. "तिला निदान विचारतात तरी!" मग त्याने बुरुजावरूनच तिला व्हिडिओ कॉल लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आयोवा-न्यू हॅम्पशायरवाले जानेवारीतच ठरवतात. आमची प्रायमरी ४ जूनला. तोवर बाकीच्यांनी माघार घेतलेली असते. मी जाते, मत देते, घरी येते." मामाचा थोडा हिरमोड झाला. पण थोडाच.

"आपल्याकडेही झालीय प्रायमरी," तो फोन ठेवून म्हणाला. "इथेच, शेजारी."

आणि हा मुद्दा मला अजून पटतोय, म्हणून जरा सविस्तर सांगते. २०१९ ची विधानसभा, मतदारसंघ मीरा-भाईंदर. भाजपने तिकीट दिलं आमदार नरेंद्र मेहतांना. भाजपच्याच माजी महापौर गीता जैन यांनी बंडखोरी केली आणि अपक्ष उभ्या राहिल्या. लोकांनी अपक्षाला निवडून दिलं. म्हणजे पक्षाने जी निवड बंद दाराआड केली होती, ती मतदारांनी उघड्यावर पुन्हा घेतली. आणि मतं फुटून तिसऱ्याचा फायदा झाला, असंही नाही. काँग्रेसला न देता त्यांनी आपल्याच घरातला दुसरा पर्याय उचलला. मामाचं तिथे मत नव्हतं, तो पलीकडच्या मतदारसंघात. पण त्या निकालाच्या दिवशी तो इतका खूश होता की मामीने विचारलं, आपण उभे होतो का?

१ मेला, महाराष्ट्र दिनी, नरेश म्हस्केंचं नाव जाहीर झालं. अर्ज भरायला उरले दोन दिवस. नवी मुंबईत भाजपच्या पदाधिकाऱ्यांनी राजीनाम्याची भाषा केली. मी मामाला फोन केला तर मामीने उचलला. "सकाळपासून बोललेले नाहीत. मी विचारलं, तुमचा तो कोण का असेना, गायमुखचा रस्ता करणार आहे का? तर म्हणाले, प्रश्न रस्त्याचा नाही. मग कशाचा आहे गं?"

२० मेला मतदान. माझंही त्याच दिवशी होतं, ते उरकून मी दुपारी घोडबंदर गाठलं. रस्ता रिकामा! मतदानाच्या दिवशी घोडबंदर रोडवर जायची मजा काही औरच, हे तुम्हाला सांगून ठेवते. मामा पंख्याखाली बसला होता, आणि बोटाला शाई.

"गेलास ना शेवटी?"

"गेलो."

"कुणाला?"

"गुप्त मतदान आहे."

"मी सांगू?" मामी आतून म्हणाली. मामाने पेपर उचलून तोंडासमोर धरला. ठाण्यात त्या दिवशी जेमतेम निम्मे मतदार बाहेर पडले होते. न पडलेल्यांत मामाचा मॉर्निंग वॉकचा अर्धा ग्रुप होता, आणि हे त्याला म्हस्के-विचारे यांच्यापेक्षाही जास्त लागलं.

४ जूनला म्हस्के दोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. त्याच दिवशी न्यू जर्सीत मुलगी मत देऊन आली. नोव्हेंबरमध्ये सरनाईक पुन्हा आमदार झाले आणि डिसेंबरमध्ये राज्याचे परिवहन मंत्री. शेजारी मीरा-भाईंदरला भाजपने अर्ज भरायची मुदत संपता संपता पुन्हा मेहतांनाच तिकीट दिलं, गीता जैन पुन्हा अपक्ष उभ्या राहिल्या, आणि या वेळी मेहता जिंकले. "प्रायमरीचा निकाल फिरला," मामा म्हणाला. नाराज नव्हता. विचारलं गेलं ना, एवढंच त्याला पुरतं.

मग आली महापालिका. १५ जानेवारी २०२६. भाजप आणि शिंदेंची शिवसेना इथे एकमेकांसमोर. २०१७ लाही तसंच झालं होतं, तेव्हा ९५ पैकी ६१ भाजपचे आणि २२ शिवसेनेचे आले होते. चार जणांचा प्रभाग, एका मतदाराला चार मतं. त्याआधीच्या रविवारी किल्ल्यावर गेले तर मामाच्या खिशात घडी घातलेला कागद. चार रकाने, प्रत्येकात उमेदवारांची नावं, नावापुढे पेन्सिलीने खुणा. पाणी, गटार, रस्ता, आणि शेवटी 'अहवाल?'.

कमळ होतं, बाणही होता. तेहतीस वर्षांचा उपास सुटायला हरकत नव्हती. पण एका रकान्यात त्याने कमळावर फुली मारली होती.

"हे काय?"

"अगं, हा मनुष्य टँकरच्या वेळी फोन उचलत नाही."

मामीला सांगू नकोस म्हणाला. मी अर्थातच सांगितलं. पोहे वाढता वाढता ती म्हणाली, "ती फुली मीच मारलीय."

जायचं असेल तर ठाणे-बोरिवली बसने फाउंटनला उतरा, पुढे रिक्षा. मीरा रोड स्टेशनहूनही येता येतं. सातच्या आत पोचा.