लाल पांडा आणि लाडू

शिखरजीची यात्रा आटोपून आम्ही दार्जिलिंगला गेलो. तिथल्या प्राणिसंग्रहालयाला पद्मजा नायडूंचं नाव आहे. सरोजिनीबाईंची ही लेक आपल्या हैदराबादची. पाटी वाचून सासूबाईंना माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

लाल पांडापाशी त्या थबकल्याच. तांबूस अंग, झुपकेदार पट्ट्यांची शेपूट. पंजात बांबूची डहाळी धरून तो एकेक पान चावत होता. त्याच्या मनगटाचं एक हाड अंगठ्यासारखं वाढलेलं असतं, म्हणून ही पकड.

"आपल्यातलाच आहे गं, पालाच खातोय," म्हणत सासूबाईंनी डब्यातून राजगिऱ्याचा लाडू काढला.

मी त्यांचा हात धरला. "आई, देऊ नका." रॅकूनच्या जवळचा, मांसाहारी प्राण्यांच्या गणातला हा जीव. पोटही तसंच, गाईसारखं रवंथ नाही. खाल्लेल्या बांबूतला जेमतेम चौथा हिस्सा अंगी लागतो, म्हणून तासन्‌तास खायचं आणि बाकी वेळ झोपून शक्ती राखायची. संधी मिळाली तर अंडं, पाखराचं पिल्लूही खातो. पाला हे त्याचं व्रत नव्हे. लाडवाच्या गोडीने मात्र त्याचं पोट बिघडायचं.

सासूबाईंनी डबा मिटला. म्हणाल्या, "पाठशाळेत अहिंसाव्रताचे पाच अतिचार पाठ केले होते. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. शेवटचा तू माझ्याकडून करवलास, आणि पहिला तर समोरच दिसतोय."

शेवटच्याचं उत्तर सोपं होतं. त्याला बांबू, फळं वेळेवर मिळत होती. उपाशी कोणी ठेवलं नव्हतं. पण बंधाचं काय सांगू? मी सांगितलं, की रानातले लाल पांडा कमी होत चाललेत, म्हणून इथे त्यांची पैदास करतात. 2003 साली इथे वाढलेल्या दोन माद्या सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या. एक शिकारी जनावराच्या तोंडी गेली. दुसरीने रानातच पिल्लाला जन्म दिला.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सोडणाऱ्यांना त्या रात्री झोप लागली नसेल."

उन्हं कलली होती. सूर्यास्ताआधी आम्हाला जेवण उरकायचं होतं. तो मात्र अजून खातच होता.

दया करताना आधी समोरच्या जिवाचं पोट ओळखावं लागतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. बंधाचं उत्तर अजून सापडलेलं नाही.