एम-थ्री, जपमाळ आणि मी

पहाटेचे पावणेचार वाजलेले. कॉरिडॉरच्या टोकाला बाथरूममधला तो कायमचा गळका नळ टप्... टप्... करतोय आणि त्याच्या दुप्पट वेगाने माझं काळीज धडधडतंय. उद्या पेपर नाही, व्हायवा नाही, घरी सगळे ठणठणीत आहेत. तरी छातीवर कुणीतरी ड्रॉईंग बोर्ड आणून ठेवलाय असं वाटतंय. बाजूच्या कॉटवर रूममेट गाढ झोपलीय आणि मी मनातल्या मनात हिशोब मांडतेय - एम-थ्री पुन्हा राहिला तर? वर्ष गेलं तर? कंपनीवाल्यांनी बॅकलॉग बघून फॉर्मच बाजूला टाकला तर? आणि पप्पांना काय सांगू?

मित्रमैत्रिणींनो, अशी पहाट तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? हात वर करू नका, मला अंदाज आहे! आपल्या हॉस्टेलमध्ये कुणाला ताप आला तर अख्खी विंग गोळ्या घेऊन धावते. पण "मला उगाचच भीती वाटते" असं म्हणायची सोय नाही. "टेन्शन नको घेऊ यार" हे एकच औषध आपल्याकडे आहे आणि ते आजवर कुणालाही लागू पडलेलं मी पाहिलेलं नाही.

माझ्या बाबतीत आणखी एक भानगड होती. मी ख्रिस्ती, वसईची. आमचं घर केळीच्या वाडीत. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की टी.व्ही. बंद आणि सगळे घरातल्या वेदीसमोर गुडघ्यांवर. पप्पा जपमाळेची अर्धी प्रार्थना म्हणणार, उरलेली अर्धी आम्ही. दहा-दहा मण्यांचे पाच भाग. लहानपणी मी चौथ्या भागापर्यंत आजीच्या खांद्यावर झोपलेली असायचे. आजीच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमधून व्हायची. 1962 ते 1965 या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, त्यानंतर ती आपापल्या भाषेत म्हणजे आमच्याकडे मराठीत आली. आजी म्हणते, "लॅटिन कळायचं नाही गो, पण चाल पाठ होती. भीती वाटली की चालच पुरायची."

शाळा मात्र इंग्रजी कॉन्व्हेंट. तिथे प्रार्थना इंग्रजीत, शिस्त इंग्रजीत, ओरडाही इंग्रजीत. सिस्टर्स प्रेमळ होत्या. काही बिघडलं की डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "हॅव फेथ, चाईल्ड." त्या चांगल्या मनाने सांगायच्या, पण मी त्याचं भलतंच समीकरण मांडलं - विश्वास असेल तर भीती नसते. म्हणजे भीती असेल तर विश्वास नाही! येशूनेसुद्धा डोंगरावरच्या प्रवचनात पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला देऊन चिंता करू नका असं सांगितलंय. मग मी रोज पहाटे चिंता करते म्हणजे मी कोण?

तिसऱ्या सेमिस्टरला एम-थ्री राहिला आणि हे समीकरण माझ्याच गळ्यात पडलं. आधी के.टी.ची चिंता. मग चिंता वाटते याची लाज. मग ती लाज देवालाही दिसत असणार याची चिंता. हा असा लूप की ज्याला एक्झिट कंडिशनच नाही! घरी के.टी.चं सांगितलं नाही. रविवारी मिस्साला जाणं टाळायला लागले. चर्च हॉस्टेलपासून लांब, अभ्यास खूप, कारणांना काय तोटा? रात्री झोप येईना म्हणून मोबाईल घेऊन रील्स बघायचे. एक वाजायचा, दीड वाजायचा, आणि पावणेचारला पुन्हा तो नळ. मेसमध्ये डाळ-भात चिवडून उठायचे. आई फोनवर विचारायची, "जेवलीस का?" "हो." "मिस्साला गेलीस का?" "हो." दोन प्रश्न, दोन खोटी उत्तरं.

उपवासकाळातल्या एका रविवारी मात्र ते दुसरं खोटं बोलवेना. उठले, बस पकडली आणि गेले. मिस्साच्या आधी फादर कन्फेशनला बसले होते. मी गुडघे टेकले आणि भडाभडा बोलत सुटले - माझा विश्वास कमी पडतोय, मी सारखी घाबरते, देवावर भार टाकता येत नाही, घरी खोटं बोलते. मला वाटलं आता मोठं प्रवचन मिळणार. फादर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "वेळेवर जेवतेस का, बाळा? झोपतेस किती तास?"

मी चक्रावले. म्हटलं, "फादर, हेपण पापात येतं का?"

"नाही गं," ते हसत म्हणाले, "पण आधी तेच विचारायला हवं. खोटं बोललीस ते मात्र घरी सांगून टाक. आणि रूमवर गेलीस की बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय वाच."

परत येऊन वाचला. एलिया नावाचा संदेष्टा. मोठा धीट माणूस. पण राणी ईजबेल जिवावर उठते तेव्हा तो वाळवंटात पळून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की आता पुरे झालं, मला मरण दे. मला वाटलं, आता देव ह्याला झापणार! पण तसं काहीच होत नाही. एलिया झोपतो. देवदूत येऊन त्याला हलवून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचं भांडं असतं. तो खातो, पाणी पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायला सांगतो, कारण वाट लांबची आहे. ना उपदेश, ना 'विश्वास कुठे गेला तुझा' असा सवाल. आधी झोप, आधी भाकरी. देवाशी बोलणं होतं ते पुढे चाळीस दिवस चालून डोंगरावर पोहोचल्यावर. आणि तेही वादळात नाही, भूकंपात नाही, आगीत नाही, तर अगदी हळू आवाजात.

मी पुस्तक तसंच हातात धरून बसले. मग दुसरी गोष्ट आठवली, जी मी दर गुड फ्रायडेला ऐकत आले होते पण कधी मनावर घेतली नव्हती. धरला जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत स्वतः येशू व्याकूळ झाला होता. लूकच्या शुभवर्तमानात तर त्याला फुटलेल्या घामाचंही वर्णन आहे. पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना त्याने जागं राहायची विनंती केली होती. ते तिघेही झोपले! म्हणजे ज्याच्यापासून मी माझी भीती लपवत होते, त्याला ती रात्र माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. भीती म्हणजे विश्वासाचा नापास शेरा नव्हे. त्याने भीती वाटू दिली, पण ती एकट्याने गिळली नाही. पित्याला सांगितली, मित्रांना सांगितली. माझं चुकत होतं ते नेमकं इथे.

त्या रात्री मी रूममेटला सांगून टाकलं. ती सांगलीची, रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणणारी. सगळं ऐकून म्हणाली, "अगं, मग उठवायचं की मला! मी काय फक्त झोपायची फी भरलीय काय?" पुढच्या पावणेचारला खरंच उठवलं. डोळे चोळत उठून बसली बिचारी. पेत्र, याकोब, योहान झोपले, पण माझी सांगलीकरीण उठली!

ती जप करते आणि मी जपमाळ म्हणते हे बघून तिनेच एक दिवस विचारलं, "दोन्हींत मोजायचंच असतं, नाही?" उत्तर शोधताना लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर एक भारी गोष्ट सापडली. 2001 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतले डॉ. बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला होता. त्यांनी 23 निरोगी माणसांना एकदा जपमाळेतली मारियेची प्रार्थना लॅटिनमधून म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र. दोन्ही वेळेला श्वास आपोआप मंदावला आणि मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. आता इंजिनिअरच्या डोक्याने बघा - मिनिटाला सहा म्हणजे 0.1 हर्ट्झ. आपल्या रक्तदाबात मुळातच जवळपास ह्याच वारंवारतेची एक संथ लय असते. श्वास तिच्याशी जुळला की रेझोनन्स! ज्या एम-थ्रीमधल्या फूरिये सीरिजने मला रडवलं, ती माझ्या छातीतच चालू होती म्हणायची.

अर्थात जपमाळ म्हणजे श्वासाचं मशीन नव्हे. मी ती म्हणते कारण समोर कुणीतरी ऐकतंय असा माझा विश्वास आहे. पण ज्याने काळीज घडवलं त्यानेच श्वासाची ही सोय करून ठेवली असेल, तर ती वापरायला लाज कसली? एक गंमत मात्र झाली. शाळेत बारा वर्षं इंग्रजीत प्रार्थना केली, पण पहाटे पावणेचारला ती इंग्रजी तोंडात येईना. आली ती पप्पांची मराठी जपमाळ, त्यांच्या त्याच संथ चालीत. अर्धी मी म्हणते आणि उरलेल्या अर्ध्यात घर ऐकू येतं.

पण दिवसभर काही जपमाळ घेऊन बसता येत नाही. मन रिकामं सापडलं की चिंता दार न ठोठावता आत येते. म्हणून हाताला काम शोधलं. शाळेत सुईकामाच्या तासाला सिस्टरांनी क्रोशा शिकवला होता. तेव्हा तो मला शिक्षा वाटायचा. सुट्टीत घरून सुई आणि दोऱ्याचे दोन गुंडे आणले. टाके मोजताना दुसरा हिशोब मांडताच येत नाही, डोकं एका वेळी एकच मोजतं! आमच्या रूममधल्या पाण्याच्या बाटल्यांना आता झालरीच्या टोप्या आहेत, कृपया हसू नये. शिवाय रोज सहा वाजता ग्राउंडला चार फेऱ्या, आणि रविवारी कपडे मशीनला न टाकता दगडावर आपटून धुणं. बेडशीट आपटताना कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा ते ज्याचं त्याने ठरवावं!

तुम्ही म्हणाल, रील्सही मन रमवायलाच असतात की. मीही असंच म्हणायचे. आता मी एक साधी कसोटी लावते - त्या गोष्टीतून उठल्यावर मी पुस्तक उघडू शकते का? चार फेऱ्या मारून आले की उघडू शकते. क्रोशाची एक ओळ झाली की उघडू शकते. दीड तास रील्स बघून उठले की पुस्तकाकडे बघायचीही भीती वाटते. एक विसावा असतो आणि दुसरी असते पळवाट. देवदूताने एलियाला भाकरी दिली ती पुढे चालण्यासाठी, झुडपाखाली कायमचं बसण्यासाठी नाही.

राहिलं होतं ते पप्पांना सांगणं. ईस्टरच्या सुट्टीत घरी गेले. पप्पा वाडीत केळीचे जादा मुनवे काढत होते. मी मागे उभी राहून एका दमात सांगितलं - के.टी. लागलीय आणि चार महिने मी खोटं बोललेय. ते काही वेळ कोयता चालवत राहिले. मग म्हणाले, "खोटं बोललीस त्याचं वाईट वाटलं." आणि थोड्या वेळाने, "तौक्त्याचं वादळ आठवतं?" आठवत होतं. 17 मे 2021. वाडीतली घड धरलेली केळी एका दिवसात आडवी झाली होती. "तेव्हा मीपण रात्री झोपलो नव्हतो. तुझी आई उठून बसायची माझ्याबरोबर. सकाळी पडलेले खांब तोडले. गड्डे जमिनीत होतेच, बाजूने मुनवे आले. पडलं ते खांब, गड्डा नाही." एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. पप्पासुद्धा रात्री झोपले नव्हते! मला हे चार वर्षं माहीतच नव्हतं.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. माझी भीती रोजची, परीक्षेच्या आकाराची होती. कुणाची त्याहून मोठी असू शकते. झोप-जेवण बरेच दिवस तुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर नुसती प्रार्थना करत किंवा टाके मोजत बसू नका. कौन्सिलर मॅडमना भेटा, डॉक्टरांकडे जा. सरकारने 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस ही सेवा सुरू केली आहे. 14416 ह्या नंबरवर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. एलियाकडे देवदूत आला तो भाकरी घेऊन. तुमच्याकडे तो डॉक्टर किंवा रूममेट म्हणून आला तर ओळखा म्हणजे झालं.

एम-थ्री सुटला. काठावर, पण सुटला! म्हणून भीती कायमची गेली असं समजू नका. आता प्लेसमेंटची आहे. अजूनही एखाद्या पहाटे पावणेचारला डोळा उघडतो. फरक एवढाच, की आता मी तिला पाप समजत नाही. उठते, पाणी पिते, डब्यातला लाडू खाते, उशाखालची माळ काढते. दहा मण्यांना सुरुवात करते, बहुतेक वेळा तिसऱ्या भागातच झोप लागते. आजीच्या खांद्यावर लागायची तशी.

नळ अजून गळतोच आहे. हल्ली मी त्याच्या टप्-टप्‌च्या तालावर माळ ओढते. तरीपण रेक्टर मॅडम, हा अंक तुमच्या हातात पडलाच असेल तर तो नळ तेवढा दुरुस्त करून घ्या. माळ मी तालाशिवायही म्हणेन!