नांद्याची मुलगी निघाली बाळं खेळवायला

मैत्रिणींनो, पुण्याहून बालेवाडी-म्हाळुंगेमार्गे आलं की नांदे लागतं. शेजारी चांदे, दोन्ही नावं जोडीनंच घ्यायची! मुळशी तालुका भाताचा, पण आता खाचरांशेजारी उंच इमारती, अन् मुलींच्या तोंडी परदेश. माझी एक विद्यार्थिनी ऑक्युपेशनल थेरपीची पदवी घेऊन अमेरिकेची तयारी करते आहे. तिची आई मला विचारते, "बाई, पोरं खेळवायला एवढ्या लांब कशाला?"

खेळवणंच, पण शास्त्रानं. मान न सावरणारं, मूठ न उघडणारं बाळ तीन वर्षांच्या आतच हाती घ्यायचं. अमेरिकेत १९८६च्या कायद्यानं ही सोय झाली. थेरपिस्ट पुष्कळदा घरी येते आणि आईलाच शिकवते. अंघोळ, भरवणं, झबलं घालणं, यांतूनच व्यायाम. मात्र तिकडे काम करायचं तर आपली पदवी त्यांच्या कसोटीला उतरायला हवी, मग परीक्षा, मग त्या त्या राज्याचा परवाना. खर्च आणि धीर दोन्ही लागतात.

गंमत अशी, की ही विद्या आपल्याकडे आणली ती अमेरिकेत जन्मलेल्या एका सुनेनं! कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिचं शिक्षण सुरू केलं.

आता २०१३पासून सरकारी पथकं अंगणवाडीत मुलांना तपासतात आणि गरज पडल्यास जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. तेव्हा पाचव्या महिन्यातही बाळ मान सावरत नसेल, तर "त्याचे बाबाही उशिराच बसले" हे घरच्यांचं बोलणं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवाच.