एकट्याचं टेबल

फ्रान्समधल्या उत्तम रेस्तराँमध्ये एकट्या प्रवाशाला मानानं जेवायला मिळणं ही गोष्ट जेमतेम अडीचशे वर्षांची आहे. त्याआधी पॅरिसमध्ये आलेला परगावचा माणूस खाणावळीतल्या सामायिक टेबलावर बसे. वेळ मालकाची, पदार्थ मालकाचे, दर सगळ्यांना एक. शेजारी रोजची गिऱ्हाइकं असत आणि ताटातले चांगले तुकडे त्यांच्या हाताला आधी लागत. १७६० च्या दशकात अशक्त माणसांसाठी मांसाचा कढ विकणारी दुकानं निघाली. आजारी माणूस ठरल्या वेळेला थोडाच येणार? म्हणून तिथे येईल त्या वेळी, लहानशा वेगळ्या टेबलावर वाढलं जाऊ लागलं. पुढच्या वीसेक वर्षांत आंत्वान बोव्हिलिएसारख्या आचाऱ्यांनी या सोयीला सरदारांच्या मुदपाकखान्यातल्या पाककलेची जोड दिली. पदार्थांची यादी आली, प्रत्येकापुढे किंमत आली. १७८९ च्या क्रांतीनंतर अनेक सरदारांचे आचारी बेकार झाले. त्यांच्यातल्या कित्येकांनी स्वतःची रेस्तराँ काढली.

एकट्यानं जेवण्याचा सर्वांत जाणता टीकाकारही फ्रेंचच होता. १८२५ साली ब्रिया-सावारँ यानं चवीवरच्या आपल्या ग्रंथात रेस्तराँची मनापासून तारीफ केली, पण एकट्यानं जेवत राहिल्यानं माणूस आपमतलबी होतो अशी भीतीही नोंदवली. रोजच्या जेवणापुरती ती खरी असेल. प्रवासातल्या एखाद्या जेवणाची गोष्ट वेगळी. सोबत कुणी नसलं की बोलणं थांबतं आणि पदार्थाकडे पुरतं लक्ष जातं. एकोणिसाव्या शतकात सगळे पदार्थ एकदम मांडण्याची जुनी फ्रेंच रीत मागे पडली आणि एकामागून एक वाढण्याची रशियन रीत रुळली, ती एकट्याच्या पथ्यावरच पडली. आधी सूप, मग मासा, मग मांस, चीज, शेवटी गोड. प्रत्येकाला त्याचा अवकाश. चांगला वाढपी एकट्या पाहुण्याला कोपऱ्यात ढकलत नाही. खोली दिसेल अशा बाजूला तोंड करून बसवतो, दोन पदार्थांमधलं अंतर ताणत नाही आणि गप्पांनी त्याचा एकांत मोडत नाही. अशी जेवणं वर्षानुवर्षं लक्षात राहतात, ती पदार्थांइतकीच या अदबीमुळे.

महाराष्ट्रात एकटं ताट हा पुष्कळदा अपमान होता. पंगत हीच जेवणाची रीत, आणि पंगतीत कोण बसणार हे जात ठरवी. पंगतीबाहेर वेगळं वाढणं, जातपंचायतीनं वाळीत टाकलेल्याशी रोटीव्यवहार तोडणं, या शिक्षा अन्नातूनच दिल्या जात. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा राज्यात २०१६ साली मंजूर झाला, इतकी ती रीत टिकून होती. यादीतली किंमत मोजेल त्याला टेबल, हा पॅरिसचा नियम श्रीमंतांच्या सोयीचा खरा. तरी या बाजूनं पाहिलं की त्याचं मोल वाढतं.

प्रवास आणि जेवण यांची गाठ मिशलॅं या टायर कंपनीनं पक्की केली. मोटारवाल्यांसाठी तिची मार्गदर्शिका १९०० साली निघाली, १९२६ पासून तीत तारे आले. पुढे दोन ताऱ्यांचा अर्थ ठरला तो असा, की इथल्या जेवणासाठी वाट वाकडी करावी. तीन तारे म्हणजे त्यासाठीच मुद्दाम प्रवास करावा.

वाट वाकडी करण्याजोगं जेवण ठाणे जिल्ह्यातही आहे, मात्र ते कुठल्या यादीत सापडत नाही. मुंबई-आग्रा महामार्ग शहापुराशी सोडून शेणव्याकडे वळलं की मे संपताना, पहिल्या सरी पडल्या पडल्या, रानात शेवळं उगवतात. पानांच्या आधी जमिनीतून वर येणारा हा सुरणाच्या कुळातला मोहोर. ठाकूर, कातकरी, वारली बायका पहाटे रानात जाऊन तो खुडतात आणि जुड्या बांधून शहापूर, मुरबाड, कल्याणच्या बाजारात बसतात. शेवळं नुसती शिजवली तर घसा खवखवतो, कारण त्यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. त्यावरचा उतारा त्याच रानात मिळतो: काकड झाडाची हिरवी, आंबट फळं. विकणारी बाई ती जुडीबरोबर देते. वरचं आवरण सोलायचं, खाजरा पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं, काकडाच्या आंबटात शिजवायचं. कुणी त्यात वाल घालतं, कुणी सुकट किंवा कोळंबी. कायस्थ प्रभूंच्या घरांत शेवळाची कणी मोठ्या मायेनं होते. बरोबर तांदळाची भाकरी असावी. मातकट, आंबूस, खिम्यासारखी दाट अशी ही चव रानातल्या अळंब्यांवर जीव टाकणाऱ्या फ्रेंच आचाऱ्यालाही मोलाची वाटेल.

रस्त्यावरच्या धाब्यात शेवळं सहसा मिळत नाहीत. निवडायला वेळ लागतो, हंगाम तोकडा. ती खायची तर कुणाच्या तरी घरी पाहुणं व्हावं लागतं, आणि तिथे वाटसरूला एकट्यालाच आधी वाढतात. घरातली बाई समोर बसून भात संपायच्या आत पुन्हा वाढते, "घ्या अजून, लाजू नका" म्हणते. तिचं जेवण मागाहून. हे एकटं ताट मानाचं.

त्या शिजवण्यामागे पाण्याची खेप असते. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईला जातं, तिथल्या फ्रेंच पाककलेच्या हॉटेलांनाही तेच. शेवळांच्या दिवसांत मात्र याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हे मनाला लागून राहतं.

पाऊस स्थिरावला की शेवळं संपतात. मग कुर्डू, टाकळा, भारंगी येते, भाताची लावणी सुरू होते, आणि दुपारची भाकरी बांधावरच खाल्ली जाते.