शार्कच्या घरी गोरामी

आमच्या हॉलमध्ये तीन फुटी टाकी आहे आणि त्या टाकीचा मालक आहे एक रेड टेल शार्क. नाव शार्क, पण आहे कार्पच्या कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद. मूळचा थायलंडचा. तिथल्या नद्यांमधून जवळजवळ नाहीसा झालाय, दुकानात मिळतात ते मत्स्यशेतीत वाढवलेले. काळंकुळकुळीत मखमली अंग, लालभडक शेपूट. जेमतेम पाच इंच लांबी, पण डाव्या कोपऱ्यातल्या ओंडक्याखालची जागा आपली आणि तिथून दिसतं तेवढं सगळंही आपलंच, असा त्याचा साधा हिशेब. टेट्रांनी हे राज्य केव्हाच मान्य केलंय.

यंदा जूनमध्ये बाबा सांगलीहून ठाण्याला आमच्याकडे आले. कायमचे. आई गेल्यावर दीड वर्ष एकटेच रेटत होते. आजवर "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं?" म्हणत चौथ्या दिवशी परतीचं तिकीट काढायचे. या वेळी तिकीट कुठलं काढणार? घर विकलं होतं. आमच्याकडे सासूबाई आहेत. त्यांची खुर्ची, त्यांच्या मालिकांच्या वेळा सगळं ठरलेलं. (त्या हे वाचतात, तेव्हा उपमा इथेच थांबवते :))

बाबांचं सामान म्हणजे दोन बॅगा, एक छोटी काचेची टाकी आणि पाण्याच्या पिशवीत एक निळा गोरामी. पाच वर्षांचा. आईनं आणलेला. ती स्वयंपाक करता करता त्याच्याशी बोलायची. बाबा एवढंच म्हणाले, "तिचा मासा आहे. जपून."

झालं! मला घाम फुटला.

पहिले तीन आठवडे गोरामी त्याच्याच टाकीत, डायनिंग टेबलावर. नवा मासा असा वेगळा ठेवतात, म्हणजे काही रोग असेल तर तो तिथेच बाहेर पडतो. दर दोन दिवसांनी तिथलं थोडं पाणी काढून मोठ्या टाकीतलं घालत गेले. तो आला होता बोअरच्या जड पाण्यातून. एकदम बदल झाला तर धसका घेतात. मग मोठ्या टाकीत मधोमध प्लास्टिकची जाळी बसवली. अलीकडे शार्क, पलीकडे गोरामी. पाणी आरपार, वास आरपार, दात मात्र नाहीत. पहिल्या दिवशी शार्क जाळीवर सारखा धडका मारत होता. पाचव्या दिवशी येऊन नुसता बघून जायला लागला.

मासे म्हणे माशावर नाही, खुणेवर तुटून पडतात. निको टिनबर्गेन यांच्याकडचे स्टिकलबॅक मासे खिडकीबाहेरून लाल टपालगाडी गेली तरी तिच्या दिशेनं धावायचे, कारण त्यांच्यात विणीच्या काळात नराचं पोट लाल होतं. (या टिनबर्गेनना लोरेन्झ आणि फॉन फ्रिश यांच्यासोबत १९७३ चं नोबेल मिळालं.) रेड टेलचाही सर्वात जास्त राग त्याच्यासारख्याच दिसणाऱ्यांवर असतो. आमचा गोरामी निळा, चपटा, वरच्या पाण्यात राहणारा. तेवढीच आशा.

भीती वेगळीच होती. गोरामीला कल्ले पुरत नाहीत, मधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते. शार्कनं तळाच्या कोपऱ्यात कोंडून धरलं तर तो पाण्यात असून गुदमरेल. म्हणून जाळी काढायच्या दिवशी टाकीचा नकाशाच बदलला. ओंडका उजवीकडे, दगड मागे, झाडं मध्ये, एक नारळाची करवंटी नवीन. सरहद्दीच्या खुणाच गेल्या की जुना मासाही थोडा वेळ पाहुणा होतो. शार्कला आधी भरपेट खायला घातलं, दिवा बंद केला आणि जाळी उचलली.

बाबा खुर्ची ओढून समोर बसले. पहिला अर्धा तास शार्क आपला ओंडका शोधत फिरला. मग एकदम झेपावला. गोरामीच्या मिशांसारख्या दोन तंतूंपैकी एकाचं टोक गेलं. (ते पुन्हा वाढतं, पण त्या क्षणी हे बाबांना कोण सांगणार?) दुसरी झेप, तिसरी. गोरामी झाडांत शिरला, वर आला, हवा घेतली. बाबांनीही श्वास सोडला. रात्री साडेदहाला सासूबाई त्यांची मालिका सोडून चहा घेऊन आल्या. टाकीत वाकून बघत म्हणाल्या, "सांगलीचा आहे ना? टिकेल."

"बघू," बाबा म्हणाले. बाराला झोपायला गेले, तीनला परत टाकीसमोर होते.

याला आता महिना झाला. शार्कनं उजवीकडची करवंटी धरली आहे, गोरामी डाव्या बाजूला वर असतो. तंतू अर्धा परत आलाय. खाण्याच्या वेळी दोन-तीन पाठलाग अजूनही होतात. काल बाबांनी विचारलं, "ती जाळी टाकून नाही ना दिलीस?"

धुऊन बाल्कनीत ठेवली आहे.