भागिले आठ हजार

मोठी गोष्ट लहान केली की ती सगळ्याच बाबतीत सारखीच लहान होते, असं आपण धरून चालतो. माझ्या धाकट्या भावानेही तेच धरलं होतं. आम्ही पेडण्याचे. जानेवारी २०२३मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला. मार्च २०२४पासून तिथून ‘फ्लाय ९१’ची पंख्यांची एटीआर ७२ विमानं उडू लागली आणि भावाने ठरवलं, ह्याचंच उडणारं मॉडेल करायचं. कन्फर्मेशनला मिळालेले सगळे पैसे त्याने मोटारी आणि बॅटरीत घातले.

प्रमाण घेतलं १:२०. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा सुमारे २७ मीटर. भागिले २०, म्हणजे १ मीटर ३५ सेंटिमीटर. इथवर ठीक. मग कमाल वजन २३,००० किलो, तेही भागिले २०. उत्तर आलं १,१५० किलो! “दिदी, हें आमचे गाडयेपरस जड!”

मी साहित्याची विद्यार्थिनी, पण हा हिशेब मला नरकासुराने शिकवला. डिचोलीला मामाच्या वाड्यावर दिवाळीआधी पोरं नरकासुर बांधतात, आम्हीही जातो. पाच फुटांचा नरकासुर दहा फुटांचा केला, की उंचीबरोबर रुंदी आणि जाडीही दुप्पट होते. माल तोच असेल तर वजन दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट. बांबू दुप्पट जाड घेतला तरी त्याचा छेद चारपटच वाढतो. म्हणून मोठा नरकासुर गुडघ्यात मोडतो. विमानाचं हेच, फक्त उलट दिशेने. लांबी २०ने भागायची, पंखांचं क्षेत्रफळ ४००ने आणि वजन ८,०००ने. उत्तर २ किलो ८७५ ग्रॅम.

पण तेवढ्याने भागत नाही. पंखांचं ६१ चौरस मीटर क्षेत्रफळ मॉडेलमध्ये जेमतेम १५ चौरस डेसिमीटर उरतं. म्हणजे दर चौरस डेसिमीटरवर जवळजवळ १९० ग्रॅम भार. इतकं जड मॉडेल हवेत राहायला फार वेगाने पळवावं लागतं. नवशिक्याच्या हातात ते टिकत नाही. ७० ग्रॅमच्या आसपास भार ठेवला तर ते निवांत उडतं. म्हणजे सगळं मिळून साधारण १,०७० ग्रॅम.

मम्मीचा केकचा काटा आता त्याच्याच टेबलावर असतो. मोटारी, बॅटरी, सर्व्हो, रिसीव्हर, वायरी मिळून ४६० ग्रॅम. उरलेल्यात फोमचं अंग, पंख, चाकं, गोंद, रंग. शेपटी जड झाली तर तोल साधायला नाकातही वजन भरावं लागतं, म्हणून रंगाचा एकच हात द्यायचा ठरलंय.

“गणित आपलं नव्हे,” म्हणणारा हा दहावीचा पोरगा आता घन तोंडपाठ म्हणतो. मला मात्र त्याच्या वहीत माझंच काम दिसतं. इंग्रजी कथा मराठीत आणताना मी प्रत्येक शब्द मोजून आणते, आणि वाक्य जमिनीवरून उठत नाही. मूळ विमान हवेत राहतं, मॉडेलही राहायला हवं. त्यासाठी काय सोडायचं, ते आधी ठरवावं लागतं.

विमानतळाजवळ असलं काही परवानगीशिवाय उडवता येत नाही. म्हणून पाऊस सरला की डिचोलीच्या माळावर. पडलं तर कन्फर्मेशनचे पैसे गेले, हे त्याला पक्कं माहीत आहे. रोज रात्री तो पुन्हा बेरीज करतो. काल १,०४२ आली. चाकं अजून लावायची आहेत.