दुर्री-सत्तीचं राज्य

एक्का म्हणजे सगळ्यात जड पत्ता, सिक्वेन्स लागला की घात आणि पाचही पत्ते एकाच रंगाचे आले तर त्याहून मोठा घात! ड्रॉ पोकरचा 'ड्यूस टू सेव्हन लोबॉल' हा प्रकार मला नुकताच सापडलाय आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. दिवाळीत तीन पत्ती खेळताना मुफलिसचा डाव मांडलेल्यांना हे चटकन उमगेल: ज्याचे पत्ते सर्वांत हलके, तो जिंकला. ७-५-४-३-२, रंग मिसळलेले, हा सर्वश्रेष्ठ हात.

एकदाच पत्ते बदलायचे, त्याआधी एक बेटिंग, त्यानंतर एक. समोरच्याचा एकही पत्ता उघडा नसतो. त्यानं किती पत्ते बदलले, एवढंच दिसतं. एकही न बदलता तो 'पॅट' राहिला, तर मग छातीत धडधड!

खरी गंमत स्पर्धेच्या फायनल टेबलवर आहे. समजा, माझ्याकडे गुलाम-९-६-४-२ आहे आणि मी पॅट. समोरच्याकडे ७-५-३-२, त्यानं राजा टाकून एक पत्ता मागितला. न दिसलेले पत्ते ४२. त्यातले २० त्याला जिंकवतात, २२ मला. म्हणजे गुलामासारखा जड पत्ता घेऊनही मी ५२ टक्के पुढे! गुलामाच्या जागी राणी असती, तर त्याचे जिंकणारे पत्ते २४ झाले असते आणि पारडं त्याच्याकडे झुकलं असतं. दश्शी असती तर फक्त १६. एका पत्त्याच्या फरकानं सगळं फिरतं, हे कागदावर मांडून बघितलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो.

आता समजा, स्पर्धेत तिघंच उरलेत, तिघांच्या चिप्स सारख्या आणि बक्षिसाच्या रकमेची वाटणी ५०-३०-२० अशी आहे. पत्ते बदलण्याआधीच समोरचा सगळ्या चिप्स लावून ऑल-इन गेला. कॉल करून जिंकलो, तर दोन तृतीयांश चिप्स माझ्या; पण त्यामुळे माझा बक्षिसातला अपेक्षित वाटा ३३.३ वरून ४३.३ होतो, दुप्पट नाही! हरलो तर तिसरा क्रमांक, २० घेऊन घरी. मिळवायचे दहा, गमवायचे तेरा. आधीपासून मध्ये पडलेल्या चिप्स बाजूला ठेवल्या, तर कॉल परवडायला ५७ टक्के खात्री हवी. म्हणजे एरवी निर्धास्त खेळावा असा तो गुलाम इथे मुकाट टाकायचा आणि ६२ टक्क्यांची दश्शी मात्र खेळायची. पत्ते तेच, टेबल बदललं की किंमत बदलली! यापेक्षा सुंदर गणित मी पत्त्यांत पाहिलेलं नाही.

बिली बॅक्स्टरनं वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरमध्ये विजेतेपदाची सात ब्रेसलेट जिंकली, सातही लोबॉलच्या प्रकारांत. पोकरच्या होल्डेम प्रकाराचा बादशहा फिल हेल्मथ, त्यालाही २०२१ मध्ये लास वेगासला सोळावं ब्रेसलेट याच खेळानं दिलं. नावं ओळखीची होती, पण ही माणसं काय तोलत बसतात ते आत्ता कळतंय.

आणि 'स्नो'! हातात २-२-२-७-७ आलेत, म्हणजे फुलहाऊस, या खेळात अगदी टाकाऊ. तरी एकही पत्ता न बदलता पॅट राहायचं आणि जोरात बेट करायची. तीन दुर्र्या आणि दोन सत्त्या माझ्या मुठीत, म्हणजे समोरच्याला उत्तम हात लागायची वाटच मी अडवलेली. त्यात तिसरा गडी मोजक्या चिप्सवर तगून असेल, तर हा डाव आणखी धारदार होतो. तो गडी आता बाद होईल की मग, अशा घडीला समोरच्यानं माझी ऑल-इन कॉल केली आणि तो हरला, तर त्या तिसऱ्याच्या आधी हाच बाहेर. म्हणून बदलून आलेली चांगली दश्शी हातात असूनही ती टाकावी का, हा विचार त्याला करावाच लागतो.